फ्यूज इरफानच्या खिशात होता

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रिशियन आहे. वीस-बावीस वर्षं झाली या धंद्यात. त्यामुळे 'घरात आपोआप दिवे लागतात' असं कोणी सांगितलं की मला घाम फुटत नाही, मी टेस्टर शोधतो. करंजाड्यात एका काकूंच्या बाथरूममधला दिवा रोज फडफडायचा. काकूंचं लिंबू-मिरची बांधून झालं, कोणाला तरी बोलावून नारळ ओवाळून झाला, आणि मग सगळ्यात शेवटी मला फोन. बोर्ड उघडला तर आत पाल. वाळून कडक झालेली. काकू म्हणतात, "तरीपण एकदा शांती करून घेऊ का?" म्हटलं, कोणाची, काकू? पालीची?

तर असा माणूस मी. या पानावर लोकांचे अनुभव येतात ते मी दुपारी डबा खाताना वाचतो आणि घरी जाऊन बायकोला सांगून हसतो. आज स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा तुम्ही पण हसा, हक्क आहे तुमचा. फक्त शेवटपर्यंत वाचा. कारण यातलं दिव्यांचं जे काही आहे ते निम्मंच आहे. उरलेलं निम्मं माझ्याबद्दल आहे, आणि ते काही फार अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

मी सुकापूरला राहतो. पनवेलच्या आजूबाजूला फार्महाऊस किती झालेत ते तुम्हाला माहीतच असेल, आणि आता फार्महाऊस म्हटलं की स्विमिंग पूल आलाच. त्या पूलच्या पाण्याखालचे निळे-हिरवे दिवे बसवणं, बिघडले की दुरुस्त करणं, हे माझं मुख्य काम. पाणी आणि करंट एकत्र... म्हणजे सावधपणे करायचं काम. ते मी आणि इरफान एकाच माणसाकडे शिकलो. हमीदचाचांकडे. पनवेलच्या मोहल्ल्यात चाचांचं मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान होतं. इरफान त्यांच्याच आळीतला, मी सायकलवरून यायचो.

चाचांचा एक नियम होता. तो मोडला तर ते हातातली पक्कड फेकून मारायचे, मग समोर गिऱ्हाईक असो नाहीतर आणखी कोणी. नियम असा — "पानी में जो उतरेगा, फ्यूज उसके जेब में. बोर्डपे जो बैठेगा, उसके मुंह में नाम." म्हणजे पाण्यात उतरणाऱ्याने स्वतःच्या हाताने फ्यूज काढायचा आणि बटणवाल्या खिशात टाकायचा. बाहेर आल्यावर त्यानेच तो परत लावायचा. आपली जान दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, सख्ख्या भावाच्या पण नाही. आणि दुसऱ्याने बोर्डाजवळ, पाण्याकडे तोंड करून बसायचं आणि सारखी नावाने हाक मारत राहायची. पाण्यातल्याने ओ द्यायची. काम चालेल तोपर्यंत हे चालू. कोणी बघितलं तर म्हणेल, दोन येडे भोंडला खेळतायत की काय.

का, तर चाचा म्हणायचे, शॉक लागलेला माणूस ओरडत नाही रे. तो गप्प होतो.

आता इरफानबद्दल. मी सरळच लिहितो, आडपडदा नाही. मी त्याच्यावर जळायचो. जळायचो म्हणजे कसं... गॅसवर तवा विसरला की वास येतो ना, तसा तो वास मला स्वतःला यायचा. आमचे दोघांचे पासपोर्ट एकाच आठवड्यात झाले होते. दुबईहून एक माणूस आला होता, तिकडे मोठमोठ्या यॉटवर लाईटचं काम, एकच जागा होती. त्याने चाचांना विचारलं, दोघांतला कोण देऊ? चाचांनी इरफानचं नाव घेतलं. मी दुकानाच्या मागच्या बाजूला तांब्याची तार सोडवत बसलो होतो, मला ऐकू येत होतं. चाचा म्हणाले, "दिनेशचा हात इरफानपेक्षा साफ आहे. पण त्याचं लक्ष दुसऱ्याच्या ताटात असतं."

चाचा आता नाहीत. ते वाक्य आहे.

इरफान बारा वर्षं तिकडे राहिला. अम्मीची तब्येत बिघडली म्हणून दोन वर्षांपूर्वी परत आला, करंजाड्यात मस्त घर घेतलं, आणि इथेच काम सुरू केलं. आला तो थेट माझ्याकडेच आला, खजूर घेऊन. माझ्या आईच्या पाया पडला. आई त्या दिवसापासून जे सुरू झाली... "इरफानने अम्मीला गाडीतून फिरवलं." "इरफान किती बारीक झालाय, कामच तेवढं असतं त्याला." अगं आई, मी काय पत्ते खेळतो का दिवसभर? माझी बायको स्मिता, तिचं पण तेच. घरातला मिक्सर बिघडला तर म्हणते, "इरफानभाऊंना विचारू का?" मिक्सर! माझ्या घरात! त्याचा मीटर पिवळ्या पेटीत, पाण्यात पडला तरी चालतो. माझ्या मीटरला चिकटपट्टी लावलेली. माझी ठरलेली गिऱ्हाइकं मला हळूच विचारायची, "तो तुमचा दुबईवाला मित्र रिकामा आहे का हो?" मी म्हणायचो, नाही, त्याला महिनाभर वेळ नाही. खोटं सांगायचो.

मग मागच्या हिवाळ्यात ती यॉट आली.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातले एक शेठ आहेत. त्यांच्या फार्महाऊसचा पूल मीच केलेला. शेठनी आखातातून एक जुनी यॉट विकत घेतली आणि उरणच्या बाजूला एका खासगी जेट्टीला आणून बांधली. जुनी, पण काय थाट! मागच्या डेकवर छोटा पूल. छोटा म्हणजे दोन रिक्षा उभ्या राहतील एवढा, कमरेच्या वर पाणी. आत सहा निळे दिवे. शेठच्या मुलीचा साखरपुडा बोटीवर करायचा ठरला होता, रविवारी. आणि दिवे धड लागत नव्हते. पूल रिकामा असला की सहाच्या सहा लख्ख. पाणी भरलं की दहा मिनिटांत फडफडायला लागायचे आणि मग ईएलसीबी — म्हणजे करंट गळला की आपोआप पडतो तो स्विच — खाडकन खाली. त्याच्याबरोबर फ्रीज, एसी, मागची अर्धी बोट अंधारात.

शेठनी फोन मला केला. इरफानला नाही, मला. खरं सांगतो, त्या दिवशी मी जेवताना आईला तीनदा सांगितलं, "यॉटचं काम आहे, यॉटचं." आई म्हणाली, "इरफानला विचारून जा हो, त्याला त्यातलं माहितीय." जेवणावरून उठलो मी.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दिवस मी त्या बोटीवर राबलो. सहाही दिव्यांचे रबरी वॉशर बदलले. ट्रान्सफॉर्मर बदलला. फरक शून्य. बोट सांभाळायला धाकलू नाखवा होते, उरणकडचे, साठीच्या पुढचे. ते बाजूला बसून दोरखंड दुरुस्त करायचे आणि मधूनच म्हणायचे, "काय मिस्तरी, हाय का नाय काय?" माझं डोकं फिरायचं.

त्यात मी एक माती खाल्ली. आमच्याकडे डोंगराच्या बाजूच्या फार्महाऊसवर खाली खडक लागतो, अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही. मग आम्ही लोक काय करतो, अर्थिंगची वायर जंक्शन बॉक्समध्ये न्यूट्रललाच मारून टाकतो. चुकीचं आहे, करू नये, सगळे करतात. दुसऱ्या दिवशी वैतागलेला असताना माझ्या हातांनी त्या बोटीवर हेच केलं. सवयीने. आणि विसरलो. त्यानंतर तो स्विच दहा मिनिटं पण थांबेना, मुख्य चालू केला की खाली. मी मात्र कोणत्या दिव्यात पाणी शिरतंय ते शोधतोय. म्हणजे मूळ बिघाड एक होता, त्यात मी स्वतःचा एक घातला. दुष्काळात तेरावा महिना.

शुक्रवारी संध्याकाळी शेठ जेट्टीवर आले. चांगला माणूस, आवाज चढवत नाही. म्हणाले, "दिनेश, जमत नसेल तर सांग बाबा. तुझा तो मित्र आहे ना, यॉटवर काम केलेला?"

"जमेल शेठ. उद्या होईल."

घरी येताना मी ठरवून टाकलं होतं, काय वाट्टेल ते होवो, इरफानला बोलावणार नाही. साखरपुडा अंधारात झाला तरी चालेल. आता लिहवत नाही हे, पण असंच ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी जेट्टीवर गेलो तर इरफान तिथे उभा. पिवळी पेटी हातात. शेठशी हसत बोलतोय. स्मिताने रात्रीच त्याला फोन केला होता, मला न विचारता. का, तर म्हणे, "तुम्ही तीन दिवस जेवत नाही धड."

मी जवळ जाईपर्यंत इरफान शेठना सांगत होता, "दिनेशनेच बोलावलं मला. हे दोन माणसांचं काम आहे शेठ, पाण्यात एक आणि वर एक. एकट्याने करण्यासारखं नाहीये. तो म्हणाला, तू ये, हात लाव." शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं केलंस. यात लाज कसली?"

मी माझी पेटी उचलून बोटीवर चढलो. तोंड कडू झालं होतं.

इरफानने पहिला तोच जंक्शन बॉक्स उघडला. पाच मिनिटं नुसता बघत राहिला. मग त्याला दिसली ती. मी मारलेली वायर, नवीकोरी, माझ्याच रोलमधली हिरवी. मला पण त्याच क्षणी आठवलं. त्याने वर माझ्याकडे बघितलं... आणि ती कापून काढली, तो तुकडा शर्टाच्या खिशात टाकला. मागे शेठ उभे होते. त्यांना म्हणाला, "जुन्या मालकाच्या माणसाने काहीतरी उलटंसुलटं करून ठेवलं होतं. दिनेशला कसं कळणार? आता एक मोठी भानगड गेली. एक बारीक उरलीय, चार नंबरच्या दिव्याचा जॉइंट आतून सडलाय, मला वाटतं."

शेठ म्हणाले, "बघ दिनेश, तुझी चूक नव्हतीच." आणि ते निघून गेले.

तुम्ही म्हणाल, किती भला माणूस. हो ना. मला पण कळत होतं. आणि तेच सहन होत नव्हतं. त्याने चारचौघांत माझी अक्कल काढली असती तर मी भांडलो असतो, मोकळा झालो असतो. पण माझ्या चुकीवर पांघरूण घालून वर मलाच शाबासकी मिळवून दिली... अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे आता आयुष्यभर याच्या उपकाराखाली राहायचं, आणि तो कधी बोलून पण दाखवणार नाही!

पूल उपसून परत भरायला वेळ नव्हता, म्हणून दुपारी चारच्या सुमारास तो भरल्या पाण्यातच उतरला. हे नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर आहे.

बोर्ड मागच्या डेकवरच, पूलपासून पाच पावलांवर, एका लाकडी कपाटात. जुन्या धाटणीचा, चिनीमातीचे पांढरे फ्यूज, आटे फिरवून काढायचे. इरफानने मुख्य स्विच पाडला. पूलच्या दिव्यांचा फ्यूज स्वतः काढला, मला दाखवला, शर्टाच्या त्याच खिशात टाकला, बटण लावलं. चाचांचा नियम. वर दुबईची सवय, जेट्टीवरून बोटीला लाईट येते ती जाड केबल, तिचा प्लग पण उपसून काढला आणि माझ्या पायाशी आणून ठेवला. जनरेटर सकाळपासून बंद होता, त्याची चावी नाखव्यांच्या कमरेला. शिवाय आमचे दोघांचे मोबाईल त्याने आपल्या वॉटरप्रूफ बॅगेत टाकले आणि बॅग कठड्याला अडकवली. "पाणी उडतं यार, तुझा पण दे."

पूलवर उन्हासाठी ताडपत्री बांधलेली, त्यामुळे खाली सावली होती. मी बोर्डाजवळ स्टुलावर बसलो, पाण्याकडे तोंड करून. नाखवा पलीकडे दोरखंड घेऊन.

"इरफान."

"हां."

"इरफान."

"आहे, आहे."

त्याने चार नंबरचा दिवा भोकातून फिरवून बाहेर काढला, उघडला, वायरी सोडवल्या. डाव्या हातात सुटा दिवा, उजव्या हातात वायरींची दोन उघडी टोकं. पोटापर्यंत पाण्यात. वीस वर्षांपूर्वी पनवेलमध्ये असायचा तसाच दिसत होता, जीभ दातात धरून, खाली मान घालून. आणि मला काय दिसत होतं? मला त्याच्या खिशाच्या कडेतून डोकावणारा हिरवा तुकडा दिसत होता. माझी वायर. मला वाटलं, हा घरी जाऊन बायकोला, रुखसाना भाभींना, सांगेल, हसतील दोघं. नाही सांगणार, तर ते आणखी वाईट. मला आईचा आवाज ऐकू आला, चाचांचं ते ताटाचं वाक्य ऐकू आलं. आणि मी हाक मारायची थांबलो.

मुद्दाम नाही... नाही, मुद्दामच. तोंडात त्याचं नाव घ्यायचीच इच्छा होईना. एक हाक चुकली, दोन चुकल्या, तीन. आणि मनात आलं — बसावा. एक झटका बसावा याला. मरायला नको, पण बसावा चांगला, म्हणजे कळेल सगळ्यांना, की दुबईवाला पण चुकतो.

आणि दिवे लागले.

पाण्यातले पाच. आणि त्याच्या डाव्या हातातला सहावा. तो सुटा, वायर नसलेला. सहाच्या सहा, अगदी पूर्ण प्रकाशाने, फडफड नाही काही नाही. ताडपत्रीला खालून निळा रंग चढला. इरफानचा चेहरा निळा झाला. तो हलला नाही. त्याने हातातल्या दिव्याकडे बघितलं, मग दुसऱ्या हातातल्या उघड्या तारांकडे, मग उजवं मनगट हळूच खिशावर टेकवलं. फ्यूज तिथेच होता, मला बाहेरून दिसत होता खिशाचा फुगवटा. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

तो ओरडला नाही. गप्प होता. आणि मला चाचा आठवले.

मी खाली बघितलं. पायाशी प्लग पडलेला, त्याच्या तीन पितळी पिना मोकळ्या, उन्हात चमकत होत्या. मला वाटतं अर्धा मिनिट गेला असेल, नाहीतर दहाच सेकंद असतील, मला आजही सांगता येत नाही. मग मी हाक मारली.

"इरफान!"

त्याच हाकेला दिवे गेले. फट्‌कन.

"हां," तो म्हणाला. "आहे."

त्याला काही झालं नव्हतं. साध्या मुंग्या पण आल्या नव्हत्या हाताला. तो दिवा काठावर ठेवून सावकाश वर आला, टॉवेल घेतला, आणि मग आम्ही तिघांनी एकेक गोष्ट तपासली. हो, तिघांनी, कारण नाखव्यांनी पण बघितलं होतं. मुख्य स्विच खाली. प्लग बाहेर. जनरेटर थंडगार, हात लावून बघितला. बोटीच्या बॅटऱ्यांचं या लाईनशी काही कनेक्शनच नाही, इरफानने वायर न्‌ वायर मागे जाऊन बघितली. फ्यूज खिशात, बटण लावलेलं. मी नंतर आमच्या इलेक्ट्रिशियन लोकांच्या ग्रुपवर दुसऱ्याचा किस्सा म्हणून विचारलं. कोणी म्हणालं ट्रान्सफॉर्मरमध्ये राहिलेला करंट, कोणी म्हणालं बाजूच्या बोटीतून पाण्यातून आला. बरं, पाच दिव्यांचं एक वेळ मानलं. हातातल्या सहाव्याचं काय? त्याला वायरच नव्हती हो.

नाखवा एवढंच म्हणाले, "माजे डोले काय फुटले नाय. सा च्या सा लागले हुते." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "पान्याला मानसाच्या पोटातला कलतं, मिस्तरी. आमी दर्यावर भांडन नेत नाय कवा." त्यांना काय माहीत होतं? काहीच नाही. मी मनात म्हटलेलं कोणाला ऐकू जाणार? पण मी तिथेच खाली बसलो.

चहा आला. इरफानने कप हातात घेतला. मग एकच प्रश्न विचारला.

"दिन्या, हाक का बंद केलीस रे?"

मी म्हटलं, "फोन आला होता. कट करत होतो."

"बरं," तो म्हणाला.

चहा संपला. मला वाटलं आता हा पेटी उचलून जाणार. त्याने खिशाचं बटण काढलं, फ्यूज बाहेर काढला, आणि माझ्या हातात ठेवला. "जॉइंट तू मार. तुझा हात साफ आहे. मी बसतो बोर्डावर."

नको म्हणता आलं नाही. फ्यूज माझ्या खिशात घालून मी उतरलो. थंड पाणी, त्यात ती उघडी टोकं हातात. इतक्या वर्षांत कधी भ्यालो नाही तेवढा भ्यालो. मनात येत होतं, आता याच्या पोटात काय चाललं असेल? माझ्याबद्दल काय वाटत असेल याला? आणि पाण्याला जर खरंच कळत असेल तर...

"दिन्या."

"हां."

"दिन्या."

"हो रे."

"दिन्या, आहेस ना?"

एकही हाक चुकली नाही त्याची. जॉइंट मारून, वॉशर लावून, दिवा परत भोकात बसवेपर्यंत, मोजून एक श्वास घ्यायला थांबायचा आणि परत हाक. शेवटी शेवटी माझ्याने ओ देववेना, डोळे भरून आले. पाण्यात होतो ते एक बरं.

फ्यूज मी लावला. प्लग त्याने. भरल्या पाण्यात तासभर दिवे चालू ठेवले, एकही फडफडला नाही, स्विच पडला नाही. शेठ आले, खूश झाले. इरफान म्हणाला, "चार नंबरचा जॉइंट दिनेशने मारला शेठ." रविवारी साखरपुडा झकास झाला म्हणे. ते दिवे आजही चालू आहेत.

निघताना गाडीशी इरफानने ती वॉटरप्रूफ बॅग उघडली. आतून माझा मोबाईल काढला आणि माझ्या हातात दिला. दुपारी चारपासून तो त्या बॅगेत होता. कठड्याला टांगलेल्या, चेन लावलेल्या बॅगेत.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तो म्हणाला, "वहिनींना सांग, निघालास म्हणून. काळजीत असतील." आणि गेला.

त्यानंतर आमच्यात भांडण वगैरे काही नाही. ईदला शीरखुर्मा आला, दिवाळीला फराळ गेला. कामं पण देतो तो मला, मुद्दाम बोलावतो. पण पाण्यात स्वतः उतरायचं असलं की बोर्डावर त्याचा चुलतभाऊ येऊन बसतो, आसिफ. मला म्हणतो, "तू जरा वायर ओढ दिन्या, ते काम तुझ्याशिवाय नाही होत." आसिफ हाका मारतो. चांगल्या मारतो. मी लांब उभा राहून वायर ओढत ते ऐकतो आणि... काय सांगू, मला त्या आसिफचा हेवा वाटतो. बघा, जित्याची खोड काही जात नाही. दुबई नको, घर नको, पिवळी पेटी नको. त्या स्टुलावर बसून ते नाव घ्यायचं काम तेवढं मला पाहिजे.

दिवे का लागले, मला माहीत नाही. वायर नसलेला दिवा कसा लागतो, हे जगातला कोणी इलेक्ट्रिशियन मला समजावू शकेल असं वाटत नाही, आणि भूत-बित काही होतं असंही मी म्हणत नाही. फक्त एवढं माहीत आहे, की माझ्या मनात आलं तेव्हा ते लागले आणि मी नाव घेतलं तेव्हा गेले.

हे पान रुखसाना भाभी दर आठवड्याला वाचतात आणि इरफानला वाचून दाखवतात, मला माहीत आहे. म्हणून इथे लिहिलं. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, वर्ष होत आलं.

इरफान, फोन आला नव्हता, ते तुला त्याच दिवशी कळलं. हाक का बंद केली ते तू परत कधी विचारलं नाहीस, ते वर लिहिलंय. तू मला बोर्डावर बसवू नकोस, मी मागणार पण नाही. पण पुढच्या कामाला पाण्यात मला उतरव, आणि वर तू बस. आणि हे सगळं वाचून झाल्यावर पण तुला माझं नाव घ्यावंसं वाटलं, तर हाक मार.

मी ओ देईन.